पिवळं कापड

बुधवारी मी ट्रक चालवत नाही. बुधवारी
तो शाळेच्या मैदानात उभा राहतो, रिकामा,
आणि त्याच्या उजव्या अंगाला मी
पिवळं कापड अंथरतो. सतरंजीसारखं,
पण त्याच्यावर बसायचं नसतं. उभं राहायचं.

देव्हेंटरच्या या शाळेत आज सव्वीस पोरं.
थंडीने नाकं लाल, एकाच्या तोंडात अजून डब्यातलं गाजर.
बाईंनी मोजून सगळ्यांना कापडावर उभं केलं,
आणि एकेकाला मी वर घेतो, माझ्या जागेवर.
"आरशात बघ. कोण दिसतंय?"
हिल्के म्हणाली, "झाड."
"आणि?"
"सायकलींचं स्टँड. आणि झाड."
खाली पंचवीस जण हात हलवत होते, बोंबलत होते.
सबंध वर्ग गिळून ट्रक
ढेकरही देत नव्हता.

आमच्या भाषेत या जागेला मेलेला कोपरा म्हणतात.
नाव कुणी ठेवलं माहीत नाही.
तो मेलेला नाही. चांगला धडधाकट आहे,
मी वळलो की माझ्याबरोबर वळतो.

मला सहा ठिकाणी बघायचं असतं. चार आरसे,
एक कॅमेरा, आणि समोरची काच, जी मोजताना सगळे विसरतात.
डोळे दोन.
सहावं बघून होईतो पहिलं शिळं झालेलं असतं.
कंपनीच्या कागदावर लिहिलंय, चालक दक्ष असतो.
असतो की. त्या दिवशीही होतो.

आयसल नदीच्या पुलाअलीकडे, सिग्नल हिरवा,
मी उजवीकडे वळतोय
आणि दारावर थाप.
ब्रेक मी नाही दाबला, माझ्या पायाने दाबला.
उतरून बघतो तर पन्नाशीची एक बाई,
एक पाय जमिनीवर, सायकल कललेली,
टोपलीत पाव आणि मांजराचं खाणं.
तिचं चाक माझ्या चाकापासून वीतभर.
बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग ती म्हणाली,
"मी घंटी वाजवली होती."
आणि गेली. चालत, सायकल हातात धरून.

दारावरच्या धुळीत तिचा पंजा उमटला होता,
अंगठीच्या जागी जरा जास्त खरवडलेला.
तीन आठवडे मी ते दार धुतलं नाही.
मग डेपोतल्या मशीनने धुतलं. मशीनला काय कळणार.

हे पोरांना सांगत नाही. पोरांना सांगतो:
मागे थांबा. माझ्या डोळ्याला डोळा भिडेपर्यंत हलू नका.
ट्रक वळणारच असं धरून चाला. भडक कपडे घाला.
यादी लांबलचक आहे,
आणि सगळी त्यांच्यासाठी.

योरिक नावाचा पोरगा, चष्मा दोरीने बांधलेला, विचारतो,
"मग खिडकी खाली का नाही लावत?"
बाई हसल्या.
लावतात काही ठिकाणी. बसकी केबिन, काचेचं दार,
रस्त्यावरच्या माणसाच्या उंचीवर बसलेला ड्रायव्हर.
महाग पडतं म्हणे. किती महाग, ते मी मालकाला विचारलं होतं.
त्याने आकडा सांगितला.
मी तो ऐकला, कॉफी संपवली,
आणि खिळ्यावरची किल्ली उचलली.
एवढं योरिकला सांगता आलं असतं.
"चांगला प्रश्न आहे," मी म्हटलं,
मोठी माणसं म्हणतात तसं.

शेवटी कापड गुंडाळताना हिल्के परत आली.
तिला दारावर थाप मारून बघायची होती.
कुणी काही सांगितलं नव्हतं तिला, तिचं तिलाच सुचलं.
मी वर जाऊन बसलो, दार लावून घेतलं.
इंजिन बंदच होतं. वाट बघितली.
आरशात झाड. सायकलींचं स्टँड.
बऱ्याच वेळाने बाईंनी पुढे येऊन हात केला
म्हणून उतरलो.

हिल्के चाकाशी उभी. दारापर्यंत हात पोचत नव्हता तिचा.
टायरवर मारत होती, दोन्ही हातांनी,
तळवे काळे झालेले.
"आलं ऐकू?" तिने विचारलं.